सागरी महामार्गाने दापोलीला निघालात? किलोमीटर नंतर, आधी खाड्या मोजा

हरिहरेश्वरच्या मंदिरामागच्या खडकांवर उभं राहिलं की दक्षिणेला पाण्यापलीकडे हिरवे डोंगर दिसतात. हे पाणी म्हणजे सावित्री नदीची बाणकोट खाडी. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. सरळ रेषेत पाहिलं तर मोजके किलोमीटर. फेरीबोट मिळाली तर पाणी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. शेवटची बोट चुकली तर मात्र आत आंबेतच्या पुलापर्यंत जाऊन पुन्हा समुद्राकडे यायचं, आणि त्यात दोन-तीन तास सहज जातात. तेही अंधारात, अनोळखी वळणांवर, मागच्या सीटवर पोरं 'अजून किती?' विचारत असताना.

दापोलीकडे गाडीने येणाऱ्या बऱ्याच लोकांचा आराखडा इथेच फसतो. आपण गुगल मॅपवर किलोमीटर बघतो, ताशी साठच्या वेगाने भागतो आणि दिवसाला सहा ठिकाणं बसवतो. इन्स्टाग्रामच्या रीलमध्ये तर ही सहाही ठिकाणं तीस सेकंदांत होतात. किनाऱ्यावरचा रस्ता या गणिताने चालत नाही. इथे दिवसाचं वेळापत्रक खाड्या, भरती-ओहोटी, घाट आणि जेवणाची वेळ मिळून ठरवतात.

तर थांबे कसे ठरवायचे? कुठले थांबे टाळता येत नाहीत, कुठले टाळले तरी चालतात? समजून घेऊया.

हा रस्ता नेमका कोणता?

रायगड जिल्ह्यातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेड्डीपर्यंत किनाऱ्याला धरून जाणारा रस्ता म्हणजे रेवस-रेड्डी सागरी महामार्ग. लांबी साधारण पाचशे किलोमीटर. बॅरिस्टर अ. र. अंतुले यांचं नाव या कल्पनेशी कायम जोडलं जातं. ते १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते आणि स्वतः रायगडचे होते.

'महामार्ग' हे नाव ऐकून चार पदरी रस्ता डोळ्यांसमोर आणू नका. बऱ्याच ठिकाणी हा दोन गाड्या जेमतेम एकमेकींना ओलांडतील असा गावातला रस्ता आहे. एका बाजूला नारळी-पोफळीची बाग, दुसऱ्या बाजूला जांभ्या दगडाचा गडगा, आणि समोरून एसटी आली की कुणीतरी मागे घ्यायचं. मोठ्या खाड्यांवरच्या नव्या पुलांची कामं महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहेत आणि ती वेगवेगळ्या टप्प्यांवर आहेत. तोपर्यंत या रस्त्याचे काही तुकडे पाण्यावरूनच जोडलेले आहेत.

मुंबईहून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याने यायचं तर साधारण हे पाणी लागतं:

– मुंबई ते मांडवा: भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणारी रो-रो बोट. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. प्रवास साधारण तासाभराचा.
– आगरदांडा ते दिघी: मुरुड-जंजिऱ्याच्या पुढे राजपुरी खाडी.
– बागमांडला ते वेश्वी: हरिहरेश्वरजवळ बाणकोट खाडी. इथे जिल्हा बदलतो.
– दाभोळ ते धोपावे: वाशिष्ठी नदीची दाभोळ खाडी. दापोली आणि गुहागर तालुके इथे समोरासमोर येतात. गाड्या नेणारी फेरीबोट इथे २००३ पासून आहे.
– तवसाळ ते जयगड: शास्त्री नदीची जयगड खाडी. इथून पुढे गणपतीपुळे आणि रत्नागिरी.

म्हणजे दापोली दोन फेरीबोटींच्या मधे बसली आहे, उत्तरेला वेश्वी आणि दक्षिणेला दाभोळ. काही ठिकाणी लोक या बोटीला 'जंगलजेटी' म्हणतात. रस्ता विचारताना हा शब्द कानावर पडला तर गोंधळू नका.

फेरीबोट वाचवते किती, हे दाभोळवरून कळतं. दाभोळच्या धक्क्यावरून पलीकडचं धोपावे समोर दिसतं. बोट नसेल तर दापोली, खेड, चिपळूण करत गुहागरकडे यावं लागतं आणि हा वळसा शंभर किलोमीटरपेक्षा जास्त पडतो.

थांबे तीन प्रकारचे असतात

आराखडा करताना सगळे थांबे एकाच यादीत टाकू नका. तीन वेगळे रकाने करा.

पहिला रकाना: सक्तीचे थांबे. यात फेरीबोटी येतात. इथे तुमची मर्जी चालत नाही. बोटीचं वेळापत्रक ऋतूप्रमाणे आणि गर्दीप्रमाणे बदलतं, म्हणून आदल्या दिवशी फोन करून किंवा मुक्कामाच्या ठिकाणी विचारून पहिली आणि शेवटची बोट किती वाजता, हे पक्कं करा. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि लांब शनिवार-रविवार या दिवसांत गाड्यांची रांग लागते आणि तुमचा नंबर येईपर्यंत एक-दोन बोटी निघून जाऊ शकतात. म्हणून सोपा नियम: दिवसाची खाडी दुपारच्या आत ओलांडायची. उशीर झालाच तरी हातात उजेड राहतो.

दुसरा रकाना: गरजेचे थांबे. पेट्रोल, जेवण, स्वच्छतागृह, औषधं, एटीएम. किनाऱ्यावरच्या लहान गावांत यातलं सगळं मिळेलच असं नाही. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली, गुहागर ही तालुक्याची गावं म्हणजे तुमचे हक्काचे थांबे. टाकी अर्ध्यावर आली की पुढचा पंप शोधत बसण्यापेक्षा अशा गावात भरून घ्या. स्वच्छतागृहाचं तर आधीच ठरवून ठेवा. प्रवासात महिला आणि ज्येष्ठ मंडळी पाणी कमी पितात ती याच काळजीने, आणि मग उन्हात त्रास होतो. दर दोन तासांनी एक खात्रीचा थांबा असेल तर ही वेळ येत नाही.

तिसरा रकाना: आवडीचे थांबे. किल्ले, मंदिरं, किनारे, फोटो. आपण यादी इथून सुरू करतो, खरं तर ती इथे संपायला हवी. पहिले दोन रकाने भरल्यावर जो वेळ उरेल त्यात दिवसाला दोन, फार तर तीन आवडीचे थांबे बसतात.

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशात, म्हणजे नॉर्थ डकोटा किंवा मोंटानासारख्या राज्यांत, लोक हेच गणित वेगळ्या कारणाने करतात. तिथे रस्ता सरळ, सपाट आणि लांबच लांब. प्रश्न असतो तो पुढचं गाव आणि पुढचा पंप किती दूर आहे याचा. आपल्याकडे उलट आहे. गाव दर काही किलोमीटरवर आहे, पण मधे पाणी आहे आणि चढ-उतार आहेत. तिथे थांबे अंतर ठरवतं, इथे जमिनीचा आकार ठरवतो.

त्यामुळे वेगाचा अंदाजही बदला. किनाऱ्याच्या रस्त्यावर ताशी २५ ते ३० किलोमीटर सरासरी धरली तर फसगत होत नाही. मॅप तीन तास म्हणत असेल तर चार धरा.

पंचांग बघा, भरती कळेल

किनाऱ्यावरचा प्रवास म्हणजे समुद्राचं वेळापत्रक आलंच. दिवसात साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात आणि त्यांची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. भरती-ओहोटीची ॲप आहेत, पण नेटवर्क गेलं तर? किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालतो आणि तो तोंडी करता येतो.

तिथीचा आकडा घ्या आणि पाऊणने गुणा. जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ.

उदाहरणार्थ, चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. म्हणजे भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधरा पाऊणे सव्वाअकरा. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, पाऊण-एक तास इकडेतिकडे होऊ शकतो. पण संध्याकाळी किनाऱ्यावर वाळू मिळणार की पाणी, हे ठरवायला पुरेसा आहे.

आणखी एक लक्षात ठेवा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती मोठी येते आणि ओहोटीही खोल जाते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी असतो, त्याला भांग म्हणतात.

याचा थांब्याशी काय संबंध? कर्दे आणि मुरुडचे किनारे लांब, सपाट आणि ओहोटीला घट्ट वाळूचे. ते पाहून गाडी थेट वाळूवर घालायचा मोह होतो. ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू पाणी वाढायला लागलं की मऊ होते, चाकं रुततात, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. मग ट्रॅक्टर शोधायची धावपळ. पर्यटकांच्या गाड्या अशा अडकल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. पोहायला उतरणाऱ्यांसाठी तर हे आणखी गंभीर आहे, कारण ओहोटीचं पाणी आत ओढतं. गाडी रस्त्यालाच लावा, वाळूवर पायी जा आणि पाण्यात उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारा.

दापोलीत थांबायचं तर कुठे, किती?

दापोली गाव समुद्रावर नाही. ते किनाऱ्यापासून सात-आठ किलोमीटर आत, साधारण आठशे फूट उंचीवर आहे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात इथे लष्करी छावणी केली, म्हणून जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. इथेच १९७२ मध्ये स्थापन झालेलं कोकण कृषी विद्यापीठ आहे, आज डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाने ओळखलं जाणारं. बाजार, दवाखाने, पंप, एसटी स्टँड सगळं इथे मिळतं. म्हणून दोन-तीन दिवस असतील तर रोज मुक्काम बदलण्यापेक्षा दापोली किंवा जवळचं एखादं किनाऱ्याचं गाव मुक्कामाला धरा आणि रोज एका दिशेला जाऊन परत या. दिशा तीन आहेत.

उत्तरेची बाजू: असूद, मुरुड, हर्णै, आंजर्ले, केळशी. दापोलीहून हर्णैच्या रस्त्यावर आधी असूद लागतं. इथलं केशवराजाचं मंदिर पोफळीच्या बागांतून, ओढा ओलांडून, पायऱ्या चढून गाठावं लागतं. चढ फार मोठा नाही, पण गुडघेदुखी असणाऱ्यांना आधी सांगा. जाऊन येऊन एक ते दीड तास धरा आणि सकाळीच उरका. मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव.

हर्णै हे तालुक्यातलं मोठं मासेमारी बंदर. होड्या किनाऱ्याला लागल्या की माशांचा लिलाव सुरू होतो आणि पाहण्यासारखं दृश्य असतं. तो ऐन कामाचा वेळ असतो, म्हणून वाटेत उभं राहून फोटो काढू नका. यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. त्या काळात लिलाव बघायला म्हणून आलात तर हात हलवत परत जाल.

हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग आहे. एप्रिल १७५५ मध्ये इंग्रजांचा कमोडोर विल्यम जेम्स याने हा किल्ला आंग्र्यांकडून घेतला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात सुवर्णदुर्ग आहे. याच किनाऱ्यावरचे खांदेरी, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही त्या यादीत आहेत. सुवर्णदुर्गला होडीने जावं लागतं आणि पावसाळ्यात ती बंद असते. किल्ल्यावर सावली आणि खायची-प्यायची सोय शोधू नका, पाणी सोबत न्या आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसू नका. हर्णैच्या किनाऱ्यावरच कनकदुर्ग आणि गोवा किल्ला आहेत. होडी चुकली तरी हे बघता येतात.

आंजर्ल्याला जोग नदीच्या खाडीवर पूल आहे, त्यामुळे हर्णैहून लवकर पोहोचता येतं. 'कड्यावरचा गणपती' प्रसिद्ध आहे आणि मंदिरापर्यंत गाडी जाते. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर हा थांबा त्यांच्यासाठी सोपा आहे.

दक्षिणेची बाजू: बुरोंडी, लाडघर, कोळथरे, दाभोळ. लाडघरच्या किनाऱ्याला तांबूस छटेमुळे 'तामसतीर्थ' म्हणतात. दाभोळ मध्ययुगातलं गजबजलेलं बंदर होतं. आज तिथे खाडीकाठी दगडी शाही मशीद आणि गुहेतलं चंडिकेचं मंदिर आहे. पुढे गुहागरला जायचं असेल तर दाभोळसाठी वेगळा दिवस काढू नका, निघायच्या दिवशी बोटीआधी एक तास ठेवा.

आतली बाजू: पन्हाळेकाजी आणि उन्हवरे. पन्हाळेकाजीला कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी आहेत. उन्हवऱ्याला गरम पाण्याचे झरे आहेत. ही बाजू शांत आहे आणि रस्ता जंगलातून, वळणांचा. दुपारी उशिरा निघू नका.

कासवांसाठी थांबायचं असेल तर मुक्कामच करा

वेळास आणि आंजर्ले ही नावं आता कासवांमुळे राज्यभर ओळखली जातात. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात वाळूत अंडी घालतात. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात, त्यामुळे पिल्लं दिसण्याचा काळ साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. वेळासला हे संरक्षणाचं काम २००२ च्या सुमारास सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांसोबत सुरू केलं.

पिल्लं समुद्रात सोडतात ती सकाळी लवकर आणि संध्याकाळी, ऊन नसताना. म्हणजे 'जाता जाता वेळास करू' हे बसत नाही. आदल्या रात्री गावात मुक्काम, पहाटे किनाऱ्यावर, असंच ठरवावं लागतं. आणि तरीही त्या दिवशी पिल्लं निघतीलच याची हमी नाही. ही कासवं तुमच्या आरक्षणाप्रमाणे बाहेर येत नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. फ्लॅश नको, पिल्लांना हात लावायचा नाही, दोरीच्या आत जायचं नाही.

गावात राहणार असाल तर जेवण आधी सांगावं लागतं. कोकणातल्या घरगुती खानावळींत किती पानं हे कळल्यावर भात टाकतात आणि मासे आणतात. दुपारी दोनला अचानक आठ जण दारात उभे राहिलात तर त्यांची आणि तुमची, दोघांचीही पंचाईत. सकाळी निघताना एक फोन केला की सोलकढीसकट सगळं तयार असतं. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच सांगा.

पावसाळ्यात थांबा म्हणजे काय?

हा भाग थोडा जड आहे, पण दापोलीबद्दल लिहायचं आणि हे टाळायचं, हे योग्य नाही.

२८ जुलै २०१८. शनिवार होता. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातले कर्मचारी बसने महाबळेश्वरला सहलीला निघाले. पोलादपूर आणि महाबळेश्वरमधल्या आंबेनळी घाटात बस खोल दरीत कोसळली. बसमधला एकच जण वाचला. दापोली आणि आजूबाजूच्या गावांत एकाच दिवशी इतक्या घरांतली माणसं गेली. आजही पावसाळी सहलीचा विषय निघाला की दापोलीतली माणसं क्षणभर गप्प होतात.

त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्यासोबत एसटीच्या दोन बस. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं आणि महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली.

पावसाळ्यात कोकण सर्वांत सुंदर दिसतं, हे खरं आहे. म्हणून येऊच नका असं कुणी म्हणणार नाही. पण जून ते सप्टेंबरमध्ये थांब्यांचा अर्थ बदलतो. घाट दिवसाच, उजेडातच उतरायचा. धुक्यात, कड्याला लागून, धबधब्याखाली फोटोसाठी गाडी थांबवायची नाही. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही आणि दरड वरून कधी येईल ते सांगता येत नाही. हवामान खात्याने रेड अलर्ट दिला असेल तर त्या दिवशीचा थांबा म्हणजे जिथे आहात तिथेच आणखी एक रात्र. त्या रात्रीचे पैसे आधीच बाजूला ठेवा, म्हणजे 'उद्या ऑफिस आहे' या एका कारणाने पाण्यात गाडी घातली जाणार नाही.

पुण्याहून येणाऱ्यांनी घाट निवडताना विशेष लक्ष द्यावं. ताम्हिणी, वरंध, आंबेनळी, कुंभार्ली हे सगळे पर्याय नकाशावर दिसतात, पण पावसाळ्यात त्यातला एखादा दरडीमुळे किंवा प्रशासनाच्या आदेशाने बंद असू शकतो. पुलांचंही तसंच. आंबेतचा पूल मागे दुरुस्तीसाठी बंद झाला तेव्हा मंडणगड-दापोलीकडे येणाऱ्यांना तिथेही बोटीचा आधार घ्यावा लागला होता. नकाशावर रेघ दिसते म्हणजे रस्ता चालू आहे, असं धरून चालू नका. निघायच्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारा.

चार दिवसांचा एक नमुना

हिवाळ्यात मुंबईहून निघून रत्नागिरीपर्यंत जायचं असेल तर असा आराखडा बसतो:

पहिला दिवस: सकाळची रो-रो घेऊन मांडवा, मग अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरुड-जंजिरा. आगरदांड्याहून दुपारी बोट, दिघी. मुक्काम दिवेआगर. जंजिरा किल्ला आतून बघायचा असेल तर वाटेतलं दुसरं काहीही धरू नका.

दुसरा दिवस: श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून दुपारच्या आत बोट, वेश्वी. मग वेळास किंवा केळशी, दोन्हींपैकी एक. मुक्काम आंजर्ले, हर्णै किंवा दापोली.

तिसरा दिवस: गाडीला विश्रांती. सकाळी असूद, दुपारी जेवून झोप, संध्याकाळी हर्णै बंदर. भरती बघून किनारा.

चौथा दिवस: सकाळी दाभोळ, बोटीने धोपावे, गुहागरला जेवण. पुढे वेळणेश्वर किंवा हेदवी. तवसाळहून बोट, जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी.

चौथ्या दिवशी दोन बोटी आहेत, हे पाहिलंत ना? म्हणूनच त्या दिवशी आवडीचे थांबे कमी ठेवले आहेत. तेवढी घाई नको असेल तर गुहागरला मुक्काम वाढवा.

थेट दापोलीच गाठायची असेल तर मुंबई-गोवा महामार्गाने येऊन माणगावच्या पुढून आंबेत-मंडणगडमार्गे, किंवा कशेडी ओलांडून खेडमार्गे यायचं. यात एकही बोट नाही. खेड हे दापोलीसाठी जवळचं कोकण रेल्वे स्टेशन आहे, अंतर तीस किलोमीटरच्या आत-बाहेर. गाडी चालवायला एकच माणूस असेल तर रेल्वेने खेड आणि पुढे एसटी किंवा रिक्षा, हा पर्यायही वाईट नाही.

नावांचा घोळ टाळा

मॅपमध्ये 'मुरुड बीच' टाकून निघालेले अनेक जण भलत्याच जिल्ह्यात पोहोचतात. एक मुरुड रायगडमध्ये, जंजिऱ्याशेजारी. दुसरं दापोली तालुक्यात, हर्णैजवळ. मधे दोन खाड्या. वेळासचंही तसंच. कासवांचं वेळास मंडणगड तालुक्यात, तर दिवेआगरजवळ रायगडमध्येही वेळास आहे. सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग यांत गल्लत करणारेही भेटतात, त्यातला दुसरा थेट मालवणला आहे. शोधताना नावापुढे तालुका टाका.

निघण्यापूर्वी एवढं करा

– पहिली आणि शेवटची फेरीबोट किती वाजता, हे आदल्या दिवशी विचारून कागदावर लिहा.
– मॅप ऑफलाइन उतरवून घ्या. डोंगराआड गेलं की नेटवर्क जातं.
– सुटे पैसे आणि रोख रक्कम ठेवा. नेटवर्क नसेल तर यूपीआयही नाही.
– ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा आणि घाटाआधी पोटभर खाऊ घालू नका. आवळासुपारी, लिंबू, प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी ठेवा.
– बोटीवर गाडी चढवताना-उतरवताना कर्मचारी सांगतील तसंच करा. हँडब्रेक ओढा.
– सूर्यास्तापूर्वी अर्धा तास मुक्कामी पोहोचायचं. रात्री या रस्त्यांवर गुरं बसलेली असतात आणि वळणावर ती दिसत नाहीत.
– यादीतला एक थांबा आधीच 'गेला तरी चालेल' म्हणून ठरवा. उशीर झाला की तो काढून टाका, वेग वाढवू नका.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. रस्त्यावरची बहुतेक घाई ही वेळ कमी पडल्याने होत नाही, यादी जास्त झाल्याने होते. एखादं मंदिर राहिलं तर पुढच्या वर्षी बघता येतं. दाभोळच्या धक्क्यावर बोट यायला अर्धा तास असेल तर इंजिन बंद करा, खाली उतरा, पलीकडचं धोपावे बघत चहा घ्या. तोही थांबाच आहे.